लाल भोपळा आणि सोलापुरी ताट

लाल भोपळा ही बर्फाशिवाय दोन-तीन महिने सहज टिकणारी फळभाजी आहे आणि सोलापूरसारख्या जिल्ह्यात तिचे महत्त्व तिथूनच सुरू होते. या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरीने. मुख्य हंगाम रब्बीचा, मुख्य पीक ज्वारीचे. मार्च उजाडला की उन्हाचा तडाखा वाढत जातो, पारा चाळिशी ओलांडतो, कोरडवाहू गावांतून पालेभाजी दिसेनाशी होते आणि बाजारात आलेल्या मेथी-पालकाची जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते. अशा दिवसांत घराच्या आडोशाला देठासकट ठेवलेला भोपळा मात्र जसाच्या तसा राहतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेला वेल शंभर-सव्वाशे दिवसांत पिकलेले फळ देतो. दिवाळीच्या आगेमागे उतरवलेले हे फळ नीट ठेवले, तर संक्रांतीपर्यंत आणि कधी त्याही पुढे पुरते. धरण, कालवे आणि शीतगृहे नव्हती तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी ताटात रंगीत भाजी येण्याचा हा एक खात्रीचा मार्ग होता.

या भाजीला सोलापुरात अनेक नावांनी मागतात. लाल भोपळा, तांबडा भोपळा, डांगर, काशीफळ ही मराठी नावे. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर कुटुंबांत ती गुम्मडिकाय, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरच्या कन्नड घरांत कुंबळकाई आणि दखनी बोलणाऱ्यांत कद्दू. नाव कोणतेही असले तरी लक्ष्मी मंडईत ती बहुधा अख्खी न विकता फोडी करून वजनावर विकली जाते, कारण चार-पाच किलोचे फळ एका घराला एका वेळी लागत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने लाल भोपळा ‘कुकुर्बिटा’ या गटातला आहे आणि या गटाचे मूळ घर अमेरिका खंड आहे. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातील गिला नाकित्स या गुहेत सापडलेल्या भोपळ्याच्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. म्हणजे मका आणि घेवड्याच्याही आधी तिथल्या माणसाने भोपळा लावायला सुरुवात केली होती. कोलंबसाच्या सफरींनंतर मिरची, बटाटा, भुईमूग, मका, पेरू यांच्याबरोबर भोपळाही जगभर पसरला आणि सोळाव्या शतकानंतर भारतात रुजला. इतका रुजला की उपासाला चालणाऱ्या मोजक्या भाज्यांत त्याला जागा मिळाली. नवरात्रात आणि एकादशीला साबुदाणा, रताळे, शेंगदाणे आणि भोपळा ही चौकडी सोलापूर-पंढरपूरच्या घराघरांत असते, आणि यातल्या एकाही वनस्पतीचे मूळ या देशात नाही.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा, कारण आरोग्याविषयीचे बरेच गैरसमज त्यातून निघतात. मराठीत भोपळा म्हटले की तीन वेगळ्या वनस्पती डोळ्यांसमोर येतात. दुधी भोपळा हा जुन्या जगातला, आफ्रिका-आशियात हजारो वर्षे असलेला. कोहळा हाही आशियातलाच, पांढरी भुकटी अंगावर असलेला, पेठ्यासाठी वापरला जाणारा. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत ‘कूष्मांड’ म्हणून ज्याचे गुण सांगितले आहेत तो हा कोहळा. लाल भोपळा त्या ग्रंथांच्या काळात या देशात नव्हताच. त्यामुळे कूष्मांडावलेह या कोहळ्याच्या औषधाचे गुण लाल भोपळ्याच्या खात्यावर मांडणे चुकीचे आहे. विदर्भात लाल भोपळ्यालाच कोहळे म्हणतात, तर कन्नड आणि तेलुगूत दोन्ही फळांचे मूळ नाव एकच असून राखाडी आणि तांबडा असा भेद विशेषण लावून होतो. म्हणून घोटाळा वाढतो.

आणखी एक भोपळा सोलापूर जिल्ह्याच्या अभिमानाचा आहे, पण तो खाण्याचा नाही. मंगळवेढा आणि पंढरपूर परिसरात सतार-तंबोऱ्यासाठी लागणारे मोठे, जाड कवचाचे भोपळे पिकवले जातात. फळ वेलावरच पूर्ण जून होऊ देतात, उन्हात वाळवतात आणि मग ते मिरजेला कारागिरांकडे जाते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांचा नाद ज्या पोकळीत घुमतो ती भीमेकाठच्या शेतात तयार होते. या भोपळ्याचा गर कडू असतो आणि हा कडूपणा आरोग्यासाठी घातक असतो. त्याविषयी शेवटी.

भाजीच्या लाल भोपळ्याचा सर्वांत मोठा गुण त्याच्या रंगात आहे. गराला नारिंगी रंग देणारे द्रव्य म्हणजे बीटा-कॅरोटीन. शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. डोळ्याच्या पडद्याला अंधुक उजेडात पाहण्यासाठी, त्वचा आणि श्वासमार्गाचे अस्तर धड राहण्यासाठी, तसेच संसर्गाशी लढण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो, मग डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपके दिसतात, आणि लहान मुलांत दुखणे वाढले तर बुबुळ विरघळून कायमचे अंधत्व येते. भारतात ही समस्या एवढी मोठी होती की १९७० मध्ये केंद्र सरकारने बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आजही नवव्या महिन्यात पहिला आणि नंतर दर सहा महिन्यांनी, असे पाच वर्षांपर्यंत नऊ डोस अंगणवाडी व आरोग्य केंद्रांतून दिले जातात. तो डोस चुकवू नयेच. पण डोस हा आधार आहे, रोजचे अन्न नव्हे. पाच वर्षांनंतर मुलाला हे जीवनसत्त्व ताटातूनच मिळवायचे असते.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या लाल भोपळ्यात सुमारे ३,१०० मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीन असते आणि सगळी कॅरोटीन द्रव्ये मिळून ४२६ मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्वाइतका लाभ होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी रोजची शिफारस ८४० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणजे गडद गराच्या भोपळ्याची एक मोठी वाटी भाजी दिवसाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग भरून काढू शकते. ‘गडद गराच्या’ हे शब्द इथे महत्त्वाचे. जात, जमीन आणि पिकण्याचा काळ यांनुसार कॅरोटीनचे प्रमाण कितीतरी पटींनी बदलते. फिकट पिवळा, पाणचट गर असलेल्या कोवळ्या फळात ते फारच कमी असते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘अर्का चंदन’ जातीचा बोलबाला तिच्या कॅरोटीनमुळेच झाला. तेव्हा मंडईत फोड निवडताना सालीच्या रंगापेक्षा गराचा रंग पाहावा. कापून ठेवलेल्या फोडींत तो समोरच दिसतो.

कॅरोटीन तेलात विरघळते, पाण्यात नाही. ताटात थोडीही स्निग्धता नसेल तर आतड्यातून ते नीट शोषले जात नाही. कच्च्या भोपळ्यापेक्षा शिजवलेल्या भोपळ्यातून ते अधिक मिळते, कारण शिजताना पेशींच्या भिंती सैल होतात. नुसत्या उकडलेल्या बेचव फोडी खाऊन पथ्य पाळणाऱ्यांचे इथे नुकसान होते. सोलापुरी स्वयंपाकाने हा प्रश्न, शास्त्र माहीत नसतानाही, सोडवून ठेवला आहे. करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी, वरून दाण्याचे कूट आणि ताटाच्या कोपऱ्यात उखळात कुटून तेल सुटलेली शेंगदाणा चटणी. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते. भोपळ्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ती चटणी एकत्र खाल्ली की कॅरोटीनला लागणारा स्नेह मिळतो, भाकरीतून तंतू मिळतात आणि दाण्यातून प्रथिने. भोपळ्यात प्रथिने फारशी नसतात, १०० ग्रॅममध्ये जेमतेम एक ग्रॅम. ती उणीव या जोडीने भरून निघते.

बाकीचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. १०० ग्रॅम गरात जवळपास ९२ ग्रॅम पाणी आणि फक्त २६ किलोकॅलरी ऊर्जा असते. पोट भरते, पण अंगावर चढत नाही, म्हणून वजन कमी करू पाहणाऱ्यांना ही भाजी सोयीची आहे. पोटॅशियम सुमारे ३४० मिलिग्रॅम आणि सोडियम केवळ एक मिलिग्रॅम. उच्च रक्तदाब असलेल्यांनी मीठ कमी आणि पोटॅशियम पुरेसे घ्यावे असा सल्ला दिला जातो, त्यात भोपळा बसतो. अट एवढीच की भाजीत मीठ सढळ हाताने पडू नये. ‘क’ जीवनसत्त्व नऊ मिलिग्रॅम असते, पण शिजताना त्यातले बरेच नाहीसे होते. त्यासाठी लिंबू पिळणे हाच सोपा उपाय. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाला संरक्षण देणारी ल्युटीन आणि झिअॅक्सँथीन ही द्रव्येही भोपळ्यात आहेत. तंतूंच्या बाबतीत मात्र भोपळ्याची जितकी वाहवा होते तितकी करू नये. त्याच तक्त्यात १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम तंतू दिला आहे. बद्धकोष्ठतेवर भाकरी, डाळी आणि पालेभाज्या अधिक उपयोगी पडतात.

मधुमेह असलेल्यांनी गोड लागणारा भोपळा खावा की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. भोपळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक ७५च्या आसपास दिला जातो आणि तो आकडा पाहून अनेकजण भाजी वर्ज्य करतात. पण निर्देशांक ठरावीक वजनाच्या पिष्टावर मोजला जातो, खाल्लेल्या भाजीच्या वाटीवर नव्हे. १०० ग्रॅम भोपळ्यात पिष्ट आणि साखर मिळून साडेसहा ग्रॅमच असतात. म्हणून एका वाटीमागे रक्तातल्या साखरेवर पडणारा भार कमी असतो. खरा धोका भाजीत घातलेल्या गुळाच्या खड्यात आणि भोपळ्याच्या नावावर खाल्ल्या जाणाऱ्या घारग्यांत आहे. मधुमेही माणसाने बिनगुळाची भाजी वाटीभर घ्यावी आणि त्या जेवणात भाकरी-भाताचा हिशेब ठेवावा. भोपळ्याच्या रसाने किंवा बियांच्या चूर्णाने मधुमेह बरा होतो, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. उंदरांवरील प्रयोगांत काही आशादायक गोष्टी दिसल्या आहेत, पण त्यावरून माणसाचे औषध बंद करणे जीवावर बेतू शकते.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी भोपळ्यातले पोटॅशियम गुण नसून अडचण ठरू शकते. त्यांनी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारून प्रमाण ठरवावे. फोडी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकले तर पोटॅशियम काही अंशी कमी होते. फार दिवस फार भोपळा-गाजर खाणाऱ्यांच्या तळहातांवर पिवळसर छटा येते. ती कावीळ नव्हे; डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो आणि खाणे कमी केले की रंग ओसरतो.

अन्नातल्या कॅरोटीनची जागा गोळी घेऊ शकत नाही, याचा कडू धडा जगाने १९९४ मध्ये घेतला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक निघाले. संशोधकांची अपेक्षा नेमकी उलटी होती. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी म्हणूनच अशा गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. भाजीतून मिळणाऱ्या कॅरोटीनचा असा अपाय दिसलेला नाही.

भोपळ्याचा दुसरा मोठा ठेवा बियांमध्ये आहे आणि तोच सर्वाधिक वाया जातो. फोडी विकताना मधला गाभा काढून टाकला जातो, घरी उरलेल्या बिया कचऱ्यात जातात. १०० ग्रॅम वाळलेल्या, सोललेल्या बियांत ३० ग्रॅम प्रथिने, ४९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, जवळपास ५९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, पावणेआठ मिलिग्रॅम जस्त आणि पावणेनऊ मिलिग्रॅम लोह असते. ऊर्जाही भरपूर, सुमारे ५६० किलोकॅलरी. म्हणून मूठभरच पुरे. २५ ग्रॅम बियांतून साडेसात ग्रॅम प्रथिने आणि दीडशेच्या जवळपास मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते. लोहाबाबत मात्र हिशेब स्पष्ट ठेवावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ दरम्यान, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. प्रौढ स्त्रीसाठी लोहाची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. मूठभर बिया त्यातले दोन-सव्वादोन मिलिग्रॅम देतात, तेही पूर्ण शोषले जात नाही. रक्तक्षयावर बिया हा पूरक आहार आहे. आरोग्य केंद्रातून मिळणारी लोहाची गोळी चालूच ठेवायला हवी.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवर युरोपात बियांचा वापर परंपरेने होतो आणि काही चाचण्यांत लघवीच्या त्रासात थोडा आराम दिसला आहे. ऑस्ट्रियाच्या श्टायरिया प्रांतात टरफल नसलेल्या बिया देणारा भोपळा खास तेलासाठी पिकवतात; ते गर्द हिरवे तेल तिथे सॅलडवर घालतात. जंतांवर बिया चावून खाण्याची रीतही जगात अनेक ठिकाणी आहे, पण मुलांना जंत झाले असतील तर शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळीच द्यावी.

बिया वापरायला सोप्या आहेत. गाभ्यातून काढून चोळून धुवाव्यात, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. सोलापूरच्या उन्हात हे काम लवकर होते. मग मंद आचेवर भाजून टरफल सोलावे. सोललेला मगज शेंगदाण्याबरोबर चटणीत कुटता येतो, भोपळ्याच्याच भाजीत कुटासारखा घालता येतो किंवा शाळेच्या डब्यात गूळ-दाण्यासोबत देता येतो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्ख्या बिया देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांना कूट करून द्यावे.

वेलाची फुले आणि कोवळे शेंडेही खाण्याजोगे आहेत. शेताच्या बांधावर, गोठ्याच्या छपरावर किंवा उकिरड्याच्या कडेला चढवलेला वेल आधी नर फुले देतो, नंतर मादी. नर फुलाचा देठ लांब आणि बारीक असतो, तर मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा दिसतो. फुले पहाटे उमलतात आणि काही तासांत मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशीने परागकण पोहोचवले तरच फळ धरते. म्हणून भजीसाठी नर फुलेच, तीही सकाळ उलटल्यावर, आणि काही वेलावर ठेवून तोडावीत. फुलांचा मधला दांडा काढून, बेसन आणि ज्वारीच्या पिठात बुडवून भजी तळतात. कोवळी पाने व शेंडे यांच्यावरची लव आणि देठाचे दोरे काढून तूरडाळीत शिजवले की घट्ट पातळभाजी होते. वेलावर किंवा फळावर नुकतीच फवारणी झालेली असेल तर यातले काहीही खाऊ नये.

आता ताटातले मुख्य पदार्थ. रोजच्या भाजीसाठी साल काढण्याची गरज नसते. फळ फार जून नसेल तर साल शिजून मऊ होते. तेलात मोहरी, जिरे, मेथीदाणे, हिंग आणि कढीपत्ता यांची फोडणी, त्यात मोठ्या फोडी, काळे तिखट आणि मीठ. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची, आत पाणी ओतायचे नाही, नाहीतर भाजीचा लगदा होतो. शेवटी दाण्याचे कूट आणि थोडा चिंचेचा कोळ. मेथीदाण्याचा कडसरपणा भोपळ्याच्या गोडीला ताळ्यावर आणतो, म्हणून या भाजीत तो वगळू नये. काळे तिखट घातलेली ही भाजी शिळ्या भाकरीबरोबर दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते.

भरीत हा त्याहून हलका पदार्थ आहे. वाफवून कुस्करलेल्या भोपळ्यात घट्ट दही, दाण्याचे कूट, मीठ आणि वरून हिंग-मिरचीची फोडणी. उन्हाळ्यात, जेवण नकोसे होते तेव्हा, वृद्धांसाठी यासारखा पदार्थ नाही: चावावे लागत नाही, पाणी आणि पोटॅशियम मिळते, दह्यातून प्रथिने व कॅल्शियम मिळते. उपासाला हेच भरीत तुपाची आणि जिऱ्याची फोडणी देऊन करतात. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला हजारो भाविक पायी जातात; त्यांतल्या उपास करणाऱ्यांनी तळलेला साबुदाणा वडा आणि बटाट्याच्या चिवड्यावर चालण्यापेक्षा दही-भोपळा आणि रताळे खाणे शरीराला कितीतरी सोसवणारे आहे.

शेजारच्या मराठवाड्यात सणासमारंभाला बाकर भाजी होते. भाजलेले तीळ, खसखस आणि सुके खोबरे वाटून भोपळ्यात घालतात. चव खमंग आणि तेलाचा हात सढळ. भोपळ्याच्या पदार्थांत चवीने हा सर्वांत वरचा म्हणावा लागेल, मात्र रोजचा नव्हे. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत चिंच-गुळातला पुलुसू होतो, त्यात भोपळ्याच्या मोठ्या फोडी रसात अख्ख्या राहतात आणि तो भाताबरोबर खातात. कन्नड घरांत ओले खोबरे घातलेली पल्या.

घारगे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. विजयपूर-कलबुर्गीकडे त्यांनाच गारिगे म्हणतात. किसलेला भोपळा गुळात शिजवून, गार झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक मिसळून, खसखस लावून थापलेल्या या गोड पुऱ्या तेलात तळतात. पाणी वेगळे घालत नाहीत. घारगे प्रवासात तीन-चार दिवस टिकतात. तळण नको असेल तर हेच पीठ दशमीसारखे लाटून तव्यावर तूप सोडून भाजता येते. मुलांना भाजी आवडत नसेल तर भोपळ्याचा कीस धपाट्याच्या पिठात घालावा: ज्वारीचे पीठ, थोडे बेसन आणि कणीक, लसूण-मिरचीचे वाटण, तीळ, कोथिंबीर. किसाच्या ओलाव्याने धपाटे मऊ राहतात आणि डब्यातून परत येत नाहीत.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाच्या पहिल्या घन आहारात भोपळा चांगला बसतो. वाफवून, गुठळी न ठेवता कुस्करलेला गर, त्यात थोडे तूप, पुढे मऊ खिचडीतही. साखर, गूळ आणि मीठ घालू नये. स्तनपान चालूच ठेवावे.

विकत घेताना अख्खा भोपळा जड, घट्ट सालीचा आणि देठ असलेला घ्यावा. नख सहज रुतले तर फळ कोवळे आहे, ते टिकत नाही. ठेवण्याची जागा कोरडी, हवेशीर आणि उन्हापासून दूर असावी. फळे एकमेकांना टेकू नयेत. ठेवलेल्या भोपळ्यातले पिष्ट हळूहळू साखरेत बदलते, म्हणून जुना भोपळा गोड लागतो. एकदा कापला की मात्र हा टिकाऊपणा संपतो. उघड्यावर, धुळीत आणि माश्यांत दिवसभर पडलेली फोड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. घरी आणलेल्या फोडीचा गाभा आणि बिया लगेच काढाव्यात, ती झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी शिजवावी. कापलेली बाजू बुळबुळीत झाली किंवा आंबूस वास आला तर शिजवूनही ती सुरक्षित होत नाही.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कडूपणाची. काकडी, दुधी, दोडका, भोपळा या कुळातल्या फळांत क्वचित कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये वाढतात. शिजवल्याने ती नष्ट होत नाहीत. कडू दुधीच्या रसाने देशात मृत्यू झाले आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ गटाने, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात, कडू रस मुळीच पिऊ नये असे बजावले. लाल भोपळ्यालाही हाच नियम लावावा. परसात आपोआप उगवलेल्या वेलाच्या फळाबाबत विशेष जपावे. फोडणीत टाकण्याआधी कच्च्या गराचा लहान तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि अख्खे फळ फेकून द्यावे, गूळ-मसाला घालून चव झाकू नये. कडू भाजी खाल्ली गेली आणि पोटात कळा, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तातडीने दवाखाना गाठावा.